हिब्रू संदेष्ट्यांचे अभयवचन : ‘शालोम’ आणि मराठी ‘कौल’

प्रास्ताविक

बायबलच्या जुन्या करारातील संदेष्ट्यांचे वाङ्मय मराठीत येऊन दोन शतके होत आली. तरीही मराठी समीक्षेने ते ‘धर्मग्रंथ’ म्हणून बाजूला ठेवले आणि धर्मशिक्षणाने सिद्धान्ताच्या आधारवचनांची खाण म्हणून वापरले. या दोहोंच्या मध्ये त्याचे वाङ्मय म्हणून वाचन राहून गेले. ही उणीव यवतमाळकर अभ्यासकाला अधिक जाणवावी असे कारण आहे. बायबलच्या पद्धतशीर अध्ययनाचे देशातील एक महत्त्वाचे केंद्र, युनियन बिब्लिकल सेमिनरी, १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित होईपर्यंत तीस वर्षे याच शहरात होते. त्या काळात येथील महाविद्यालयांचे मराठी विभाग आणि ही संस्था यांच्यात काही वाङ्मयीन देवघेव झाल्याच्या खुणा आपल्या समीक्षेत फारशा दिसत नाहीत.

वास्तविक मराठीला हिब्रू अगदीच परकी नव्हती. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून १८३२ सालीच प्रसिद्ध केले होते. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये, त्यांच्या निधनाच्या सुमारास, ते पूर्ण झाले आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनने प्रसिद्ध केले. दुष्काळात आईवडील गमावलेल्या आणि पुढे दुष्काळातील निराधार मुलींना आश्रय देणाऱ्या या विदुषीने संदेष्ट्यांची भाकरीविषयीची, पावसाविषयीची वचने कोणत्या मनाने मराठीत उतरवली असतील, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

प्रस्तुत निबंधाचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. यशया, मीखा, यिर्मया, यहेज्केल आदी संदेष्ट्यांच्या वाणीत देव आपल्या लोकांना शांततेचे व निर्भयतेचे वचन देतो. हे वचन नेमके कशाचे आहे? ते कोण कोणाला देतो? आणि ‘शांती’ हा संस्कारसंपन्न शब्द वापरताना मराठी वाचकाच्या हातून त्यातले काय निसटते?

द्राक्षवेल आणि अंजीर : एका प्रतिमेचा प्रवास

न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारात तलवार ठोकून तिचा फाळ करणाऱ्या पुरुषाचा पुतळा आहे. १९५९ साली तो सोव्हिएत संघाने भेट दिला. या शिल्पामागील कल्पना यशयाच्या दुसऱ्या अध्यायातील आहे, हे सर्वश्रुत आहे. तेवढेसे प्रसिद्ध नाही ते असे की, जवळजवळ त्याच शब्दांत हाच उतारा मीखाच्या चौथ्या अध्यायातही येतो आणि तेथे तो फाळाशी थांबत नाही. मीखाच्या ग्रंथात त्यापुढे एक दृश्य येते : प्रत्येक माणूस आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराच्या झाडाखाली बसला आहे व त्याला भेडसावणारे कोणी नाही (मीखा ४:४). यशयाच्या ग्रंथात हे दृश्य नाही.

हा फरक किरकोळ नव्हे. यशया हा यरुशलेमचा, राजसभेत वावर असलेला नागर पुरुष. मीखा हा मोरेशेथ या शेफेला प्रदेशातील गावचा. हे गाव लाखीश या तटबंदीच्या नगराजवळचे. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली तेव्हा लाखीश पडले आणि हा सारा मुलूख तुडवला गेला. शिवाय, शेत हवेसे वाटले की ते बळकावणाऱ्या आणि माणसाला त्याच्या वतनासह लुबाडणाऱ्या घरच्याच धनिकांवर मीखाने दुसऱ्या अध्यायात कोरडे ओढले आहेत. म्हणजे या गावाला भय दोन्हीकडून होते. चौथ्या अध्यायातील उतारा मूळ मीखाचा नसून निर्वासनानंतरच्या काळातील भर असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असले तरी मुद्दा बाद होत नाही. भर घालणाऱ्याला ती गावच्या संदेष्ट्याच्या ग्रंथात घालावीशी वाटली, एवढे तरी खरे. जगाने मात्र या उताऱ्यातील शस्त्रे लक्षात ठेवली आणि झाडाखाली बसलेला माणूस विसरला. पुतळा लोहाराचा झाला, शेतकऱ्याचा झाला नाही.

ही प्रतिमा बायबलमध्ये अन्यत्र कोठे येते ते पाहिले म्हणजे मीखाच्या वचनाची धार कळते. शलमोन राजाच्या वैभवाचे वर्णन करताना बखरकार सांगतो की, त्याच्या कारकिर्दीत यहूदा व इस्राएल लोक निर्भय होते, प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली व अंजिराखाली राहत होता (१ राजे ४:२५). परंतु हे वाक्य कोणत्या शेजारात आले आहे? त्याच्या आधी राजाच्या मुदपाकखान्याची रोजची यादी आहे : तीस कोर सपीठ, साठ कोर पीठ, दहा पुष्ट बैल, चरणारे वीस बैल, शंभर मेंढरे. हा शिधा पुरवण्यासाठी वर्षाचे बारा महिने बारा कारभाऱ्यांत वाटून दिले होते. पुढील अध्यायात तीस हजार लोकांची वेठ येते. बखरकाराने वैभव गाण्याच्या भरात त्याचा खर्चही नोंदवून ठेवला आहे. द्राक्षवेलीखाली बसलेला माणूस आणि वेठीला धरलेला माणूस एकच नव्हे काय, असा प्रश्न विचारण्याची सोय त्याने, कदाचित नकळत, करून दिली.

दुसरे स्थळ याहून विलक्षण आहे. यरुशलेम वेढले गेले असता सन्हेरीबाचा अधिकारी रब्शाके तटाखाली येतो आणि तटावरील लोकांना हाक देतो : माझ्याशी समेट करा, म्हणजे तुम्ही आपापल्या द्राक्षवेलीचे व अंजिराचे फळ खाल, आपल्या टाक्याचे पाणी प्याल, पुढे मी येऊन तुम्हांला तुमच्याच देशासारख्या दुसऱ्या देशात घेऊन जाईन (२ राजे १८:३१-३२). वाक्याच्या पूर्वार्धात वचन आहे आणि उत्तरार्धात हद्दपारी. हिज्कीया राजाचे मुत्सद्दी काकुळतीने त्याला अरामी भाषेत बोलण्याची विनंती करतात, कारण लोकांच्या भाषेत बोलले तर तटावरच्या माणसाला कळेल. रब्शाके ऐकत नाही. साम्राज्याला लोकभाषेचे महत्त्व दरबाऱ्यांपेक्षा अधिक कळले होते, असे खेदाने म्हणावे लागते.

एकच प्रतिमा अशी तीन मुखांतून येते : राजाच्या भाटाच्या, शत्रूच्या वकिलाच्या आणि संदेष्ट्याच्या. प्रस्तुत लेखकाच्या मते संदेष्ट्याने ती जाणीवपूर्वक परत मिळवली आहे. भाट म्हणतो, हे झालेच आहे. वकील म्हणतो, शरण या म्हणजे होईल. संदेष्टा म्हणतो, हे अजून झालेले नाही, आणि जो कोणाला भेडसावीत नाही अशाच्याच राज्यात ते होईल. पुढे जखऱ्या या प्रतिमेत आणखी एक रेघ ओढतो. त्याच्या ग्रंथात माणूस झाडाखाली एकटा बसत नाही, तो शेजाऱ्याला बोलावतो (जखऱ्या ३:१०).

शब्दविचार : फिटलेले आणि निर्धास्त

‘शालोम’ या शब्दासाठी मराठी बायबलमध्ये प्रामुख्याने ‘शांती’ हा शब्द रुळला आहे. तो चुकीचा नाही, पण त्याच्यामागे संतवाङ्मयाची मोठी सावली आहे. मराठी वाचकाला ‘शांती’ म्हटले की विकारांचे शमन, चित्ताची निश्चलता आठवते. शालोम मुख्यतः चित्तवृत्ती नाही. ‘श-ल-म’ या धातूत अखंडपणा, पुरेपणा असा अर्थ आहे आणि याच धातूचे ‘शिल्लेम’ हे क्रियारूप ‘फेडणे, भरपाई करणे’ या अर्थी येते. धातूवरून शब्दाचा अर्थ ठरवण्याच्या मोहाविषयी जेम्स बार याने १९६१ मध्येच इशारा दिला होता, तो येथे विसरून चालणार नाही. शब्दाचा अर्थ वापरात असतो, व्युत्पत्तीत नव्हे. तेव्हा वापरच पाहू.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा चौथा अध्याय (हिब्रू परंपरेत हा ग्रंथ ‘पूर्व संदेष्टे’ या विभागातच मोडतो) एका विधवेच्या आक्रोशाने सुरू होतो. नवरा मेला आहे, कर्ज उरले आहे, सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला आहे. अलीशा संदेष्टा तिला भांडीभर तेल मिळवून देतो आणि सांगतो : हे विक, देणे फेड आणि उरेल त्यावर मुलांसह जग. येथे ‘फेड’ या अर्थी आलेले क्रियापद वर उल्लेखिलेलेच आहे. त्याच अध्यायात थोडे पुढे शूनेमची स्त्री मेलेले मूल घरी ठेवून अलीशाकडे येते. तुझे, नवऱ्याचे, मुलाचे ‘शालोम’ आहे ना, असे तिला विचारले जाते आणि ती एका शब्दात उत्तर देते : ‘शालोम’. सगळे सुखरूप नाही हे तिला ठाऊक आहे, वाचकाला ठाऊक आहे. तरी शिष्टाचाराचा शब्द तोंडून निघतो. एकाच अध्यायात धातूचे एक रूप कर्जफेडीपाशी आणि दुसरे रूप पोकळ कुशलप्रश्नापाशी उभे करणारा कथनकार साधा नव्हे.

मराठीत ‘फिटणे’ या क्रियापदाला असाच विस्तार आहे. कर्ज फिटते, पांग फिटतात, पारणे फिटते. आपल्या भागातील शेतकरी ‘सातबारा कोरा’ म्हणतो तेव्हा त्याला अभिप्रेत असलेली स्वस्थता शालोमच्या ‘शांती’पेक्षा अधिक निकट आहे, असे विधान कोणाला धाडसाचे वाटेल. परंतु कर्जदार विधवेची कथा ज्या जिल्ह्यात शिकवायची आहे तेथे ते टाळणे अप्रामाणिक ठरेल. चिलगव्हाण (ता. महागाव) येथील साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजी झालेला अंत महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ओळखला जातो. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला झालेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. अलीशाकडे आलेल्या त्या स्त्रीला बायबलने नाव दिलेले नाही.

दुसरा शब्द ‘बेताह’. याचा अर्थ निर्धास्तपणा. हा शब्द मात्र दुधारी आहे. यशयाच्या बत्तिसाव्या अध्यायात प्रथम सुखवस्तू, निर्धास्त स्त्रियांना फटकारले आहे. आणि थोड्या ओळींनी न्यायाचे फळ म्हणून तोच निर्धास्तपणा देऊ केला आहे. न्यायाआधीचा निर्धास्तपणा हा बेसावधपणा आणि न्यायानंतरचा निर्धास्तपणा हे वरदान, असा हा भेद आहे. ‘सुरक्षा’ या आजच्या प्रशासकीय शब्दात तो मावत नाही.

कौल

मग या वचनाला मराठीत जवळचा शब्द कोणता? येथे शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रांतील ‘कौल’ हा शब्द सुचवावासा वाटतो. स्वारी, लूट किंवा दुष्काळ यांमुळे रयत परागंदा होई, गावे ओस पडत. अशा वेळी सरकारातून कौलनामा दिला जाई : गावी परत या, जमीन कसा, इस्ताव्याने सारा चढत्या दराने घेतला जाईल, कोणी उपसर्ग देणार नाही. हे कोरडे आश्वासन नव्हते. त्यात जमीन, मुदत, सूट आणि अभय यांचा तपशील असे. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायातील ‘शांतीचा करार’ अशाच तपशिलाने भरलेला आहे. पाऊस वेळेवर पडेल, झाडे फळतील, जोखडाचे दांडे मोडतील, राष्ट्रे त्यांना लुटणार नाहीत. यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात तर जणू कलमेच आहेत : घर बांधील तोच त्यात राहील, मळा लावील तोच फळ खाईल, एकाने लावावे आणि दुसऱ्याने खावे असे होणार नाही.

‘कौल’ शब्दाची दुसरी अर्थच्छटा याहून उपयुक्त आहे. आपण देवाला कौल लावतो. देव कौल देतो. राजाचे लेखी अभय आणि देवाची वाणी या दोहोंना मराठीने एकच शब्द योजला आहे. अरबी ‘कौल’ आणि हिब्रू ‘कोल’ (वाणी, आवाज) हे सगोत्र शब्द मानले जातात, पण बारच्या इशाऱ्याला स्मरून त्यावर भर देत नाही. साम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सरकारचा कौल अखेर साऱ्यासाठी असे. ओस गाव म्हणजे बुडालेला वसूल. संदेष्ट्यांचा देवही जमीन आपली म्हणवतो, परंतु त्याचा वसूल धान्याचा नाही, न्यायाचा आहे. आणि तो मिळाला नाही तर तो कौल मोडतो, हे यिर्मयाने मंदिराच्या दारात उभे राहून सांगितले.

यहेज्केलाच्या करारातील एक कलम आपल्या भागात वेगळ्या रीतीने वाचले जाईल. देशातून हिंस्र पशू नाहीसे करीन, म्हणजे लोक रानातही निर्धास्त झोपतील, असे तेथे म्हटले आहे (३४:२५). नागर भाष्यकार या झोपेवरून चटकन पुढे जातात. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी ज्यांनी मचाणावर जागल केली आहे, त्यांना अभयाचे माप म्हणून झोपच का निवडली हे समजावून सांगावे लागत नाही. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव परिसरातील १३ मृत्यूंना जबाबदार धरली गेलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली, तेव्हा एका बाजूला सुटकेचा निःश्वास होता आणि दुसऱ्या बाजूला देशभर निषेध. ही दोन मते संदेष्ट्यांतही आहेत. यहेज्केल पशू नाहीसे करू म्हणतो. होशेय मात्र देवाकडून रानातल्या पशूंशीच करार करवतो (२:१८), आणि यशयाचा अकरावा अध्याय लांडग्याला कोकरासोबत ठेवतो. हिब्रू वाङ्मयाने हा वाद मिटवलेला नाही, आणि ते बरेच झाले. शिवाय, शेतातील भय सदैव सुळ्यांचेच असते असे नाही. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याला कोणत्या कलमात बसवायचे?

खोटी शांती

संदेष्ट्यांनी सर्वांत कडवट भाषा परकीयांविरुद्ध वापरली असा समज आहे. तो पुरता खरा नाही. शांतीचे स्वस्त वचन देणाऱ्या स्वतःच्या व्यवसायबंधूंविरुद्धची त्यांची भाषा अधिक बोचरी आहे. मीखा म्हणतो की, दाताखाली काही पडले तर हे ‘शालोम’ पुकारतात आणि ज्याने तोंडात काही घातले नाही त्याच्याशी युद्ध आरंभतात (३:५). यहेज्केल त्यांना कच्च्या भिंतीला सफेदी देणारे म्हणतो. यिर्मयाची तक्रार अशी की, जखम वरवर झाकून ती बरी झाल्याचे सांगितले जाते.

यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की, दोन वर्षांत बाबेलचे जोखड मोडेल. यिर्मया म्हणतो, तसे होवो. मग तो कसोटी सांगतो : युद्ध व अरिष्ट सांगणाऱ्याला परंपरेचा आधार आहे, शांती सांगणाऱ्याला मात्र ती आल्यावरच खरा मानावे. पुढच्याच अध्यायात तो निर्वासितांना पत्र लिहितो. मुदत दोन नव्हे, सत्तर वर्षांची. तोवर परक्या नगरात घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराचे शालोम इच्छा. वचनाची किंमत त्याच्या मुदतीच्या प्रामाणिकपणात असते, हा येथील वाङ्मयीन आणि नैतिक निकष होय. २००६ च्या जुलैमध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, त्यात यवतमाळ होता. अशा मदतीचा उपयोग झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पॅकेजच्या भाषेत हनन्याची ‘दोन वर्षे’ कोठे आहेत आणि यिर्मयाची ‘सत्तर’ कोठे, हे तपासण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. पोळ्याच्या तोरणाखाली झडती म्हणणाऱ्या गावकऱ्याला ती आहे. सावकार, सरकार, देव यांपैकी कोणालाही तो सोडत नाही. झडत्यांकडे केवळ लोकरंजन म्हणून पाहणाऱ्या आपल्या लोकसाहित्याभ्यासाने मीखाचा तिसरा अध्याय एकदा शेजारी ठेवून पाहावा.

या वचनाची काळी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. योएलाच्या ग्रंथात आज्ञा नेमकी उलटी आहे : फाळ मोडून तलवारी करा. यहेज्केलाच्याच अठ्ठाविसाव्या अध्यायात इस्राएलाची निर्धास्त वस्ती शेजाऱ्यांच्या शासनावर उभी आहे. एकाचे अभय दुसऱ्याच्या भयावर बांधण्याची शक्यता या वाङ्मयातच आहे, आणि आजच्या त्या भूमीत ती केवळ शक्यता राहिलेली नाही. मराठीभाषक बेने इस्राएल याची सौम्य पण बोलकी साक्ष देतात. १९४८ नंतर ते मोठ्या संख्येने इस्राएलला गेले, ते संदेष्ट्यांनी सांगितलेल्या परतीच्या वचनाच्या छायेत. तेथे धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी आवश्यक ठरवली आणि आपण पुरते ज्यू आहोत हे मान्य करवून घेण्यासाठी १९६४ मध्ये त्यांना यरुशलेममध्ये आंदोलन करावे लागले. त्यानंतर तो निर्देश बदलला गेला. द्राक्षवेलीखाली बसण्यासाठी त्यांच्याकडे दाखला मागितला गेला होता.

अनाथोथचे खरेदीखत

संदेष्ट्यांच्या सर्व अभयवचनांत प्रस्तुत लेखकाला सर्वांत विश्वसनीय वाटते ते काव्यात नाही, एका खरेदीखतात आहे. सिद्कीया राजाचे दहावे वर्ष. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला मोर्चे लावले आहेत. यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथचे शेत विकत घे म्हणतो, कारण सोडवणुकीचा हक्क त्याचा आहे. शहर पडण्याच्या बेतात असताना शेताला भाव कसला? तरी यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खत करतो, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी अशा दोन प्रती बारूखाच्या हवाली करतो आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. या देशात पुन्हा घरे, शेते, मळे विकत घेतले जातील, हे वचन त्या मडक्यासोबत येते (यिर्मया ३२).

व्यवहार उरकल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि ती प्रार्थना गोंधळलेल्या माणसाची आहे. मोर्चे शहराला भिडले आहेत, आणि तू मला म्हणतोस, शेत घे! ज्याने वचन उच्चारले त्यालाच ते पेलत नाही, हे ग्रंथकाराने लपवलेले नाही. हनन्याच्या भाषणात असा एकही क्षण नाही.

पुढे शहर पडले. उरलेले लोक यिर्मयाला त्याच्या इच्छेविरुद्ध मिसर देशात घेऊन गेले. त्या शेतात त्याने एकदाही नांगर धरल्याची नोंद नाही; ते मडके कोणी उकरून काढले, असेही त्याच्या ग्रंथात कोठे सांगितलेले नाही.